केसगळती, मेलाटोनिन आणि आपली चिकित्सक बुद्धी

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सभासद व विद्यार्थ्यांपुढे पाटण येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारिणीने व्याख्यानाचा विषय आमच्यावरच सोपविला होता. आम्ही 'केसगळती' हा विषय कळविला, तेव्हा काही मंडळींना हसू आले. हसण्यासारखेच आहे म्हणा. समाजापुढे शिक्षण, नोकरी, जमीन, पाणी असे डोंगराएवढे प्रश्न असताना हा कारकून केसांवर काय बोलणार? परंतु बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. लोकांच्या घामाचा पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने जातो, ही ती गोष्ट. महिन्याला पाचशे रुपये भरून जमविलेली आवर्ती ठेव मुदतीआधी मोडायला तरुण येतो. आम्ही विचारतो, "घरी काही अडचण आहे का?" तो मान खाली घालून सांगतो, "केसांच्या ट्रीटमेंटसाठी पाहिजेत." असे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. म्हणून हा विषय आम्हांला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

आम्ही डॉक्टर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत. तेव्हा औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण औषधाच्या दाव्याचा जमाखर्च कसा तपासावा, हे मात्र कोणाही साक्षर माणसाला शिकता येते. आज आम्ही एवढेच करणार आहोत.

प्रथम केसाविषयी थोडे. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे स्वतःचे आयुष्य असते. दोन ते सहा वर्षे तो वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने. मग त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. कोणत्याही वेळी शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि बाकीचे निवृत्तीच्या वाटेवर. त्यामुळे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हा आजार नव्हे. फणीत केस दिसले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

मात्र गळती त्याहून वाढली, तर कारणे अनेक असू शकतात. पुरुषांत कपाळाच्या कडा मागे सरकतात आणि टाळू उघडी पडते. यात अनुवंश आणि संप्रेरके यांचा वाटा असतो. टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारख्या तापानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम केस गळू लागतात, पण मुळे शाबूत असल्याने ते बहुधा आपोआप परत येतात. आमच्या माता-भगिनींत अंगात रक्त कमी असणे, लोहाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड ही कारणे असू शकतात. नाण्याएवढा गोल तुकडा गुळगुळीत होतो त्याला आपण चाई म्हणतो. तिच्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. लहान मुलांच्या डोक्यात बुरशीचा नायटा होतो, तो निराळाच. म्हणजे 'केस गळतात' हे एकच वाक्य पाच माणसांनी म्हटले, तरी पाच निराळे आजार असू शकतात. बाटली मात्र सर्वांना एकच विकली जाते. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

आता मेलाटोनिनकडे वळू. हा शब्द अलीकडे तरुणांच्या तोंडी ऐकू येतो. कोणी म्हणतो, झोपेची गोळी घ्या, केस दाट होतात. कोणी म्हणतो, त्याचे पाणी डोक्याला लावा. हे मेलाटोनिन आहे तरी काय?

आपल्या मेंदूच्या मध्यभागी वाटाण्याहून लहान अशी एक ग्रंथी आहे, तिला पिनिअल ग्रंथी म्हणतात. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचा स्राव रक्तात सोडते आणि उजाडले की तो कमी करते. शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारा हा जणू गावचा रामोशी. १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात अ‍ॅरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून तो वेगळा काढला. त्यांचा शोध चालला होता तो कोडावर उपयोगी पडेल अशा द्रव्याचा. हा स्राव बेडकाची कातडी फिकी करतो हे त्यांना दिसले. झोपेशी असलेले त्याचे नाते नंतर उलगडत गेले. म्हणजे कातडीच्या डॉक्टरने शोधलेले द्रव्य झोपेच्या कपाटात गेले आणि पुन्हा कातडीच्या डॉक्टरांकडे परत आले, असा हा प्रवास आहे.

केसांशी त्याचा संबंध जोडला गेला तो जनावरांमुळे. रात्र मोठी होऊ लागली की थंड प्रदेशातील प्राण्यांच्या अंगावर दाट लोकर येते. रात्रीची लांबी शरीराला कळते ती मेलाटोनिनमुळे. मिंक नावाचे प्राणी पाळणाऱ्यांनी याचा फायदाही घेतला. मेलाटोनिन कातडीखाली बसवून हिवाळ्याआधीच हिवाळी कातडे मिळविण्याची रीत त्या धंद्यात आली. पुढे २००५ मध्ये असेही दिसून आले, की माणसाच्या डोक्यावरील केसांची मुळे स्वतःसुद्धा मेलाटोनिन तयार करतात. तेव्हा कल्पना वाऱ्यावरची नव्हती, तिला आधार होता. पण कल्पनेला आधार असणे वेगळे आणि औषध गुणकारी ठरणे वेगळे. हा फरक विद्यार्थी मित्रांनी वहीत लिहून ठेवावा.

मग माणसांवर प्रयोग झाले काय? झाले. २००४ साली जर्मन संशोधकांनी केस गळणाऱ्या चाळीस स्त्रियांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना ०.१ टक्का मेलाटोनिनचे द्रावण दिले, काहींना तसेच दिसणारे पण मेलाटोनिन नसलेले. सहा महिने रोज डोक्याला लावायचे. कोणाला कोणते दिले, हे लावणाऱ्या स्त्रीलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. ही उत्तम पद्धत होय. निष्कर्ष असा निघाला, की अनुवांशिक प्रकारची गळती असलेल्या बारा जणींच्या गटात डोक्याच्या मागील बाजूस वाढत्या केसांचे प्रमाण वाढले, तर सरसकट गळती असलेल्या अठ्ठावीस जणींच्या गटात ते पुढील बाजूस वाढले. फायदा दिसला, पण एकीकडे मागे, दुसरीकडे पुढे, आणि तोही मूठभर स्त्रियांत. संशोधकांनीच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटले.

पुढे २०१२ साली, भारतातून निघणाऱ्या केसविज्ञानाच्या एका नियतकालिकात पाच अभ्यासांचा एकत्रित वृत्तांत आला. त्यातील सर्वांत मोठ्या अभ्यासात अठराशेहून अधिक स्त्री-पुरुष होते आणि तो तीन महिने चालला. डॉक्टर केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात आणि हातात किती केस आले ते पाहतात, अशी एक साधी चाचणी असते. आरंभी शंभरात ६१.६ जणांचे केस या चाचणीत मोठ्या प्रमाणात निघत होते, तीन महिन्यांनी हे प्रमाण ७.८ वर आले. आकडे ऐकून कोणालाही वाटेल, की चमत्कारच झाला!

पण आम्ही बँकेतली माणसे. जमेची बाजू पाहिली की खर्चाची बाजू उघडल्याशिवाय चैन पडत नाही. या मोठ्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. सर्वांना औषध दिले गेले. मग न दिलेल्यांचे काय झाले असते? माणूस औषध आणायला जातो तो गळती ऐन भरात असताना. तापानंतरची गळती तर काही महिन्यांत आपोआप ओसरते. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असेही असू शकते. किती जणांना कावळ्याने तारले आणि किती फांद्या आपणहून मोडणारच होत्या, हे सांगायला तुलनेचा गट लागतो. तो नसेल तर खातेवहीची एकच बाजू भरलेली असते आणि अशा वहीवर कोणताही हिशेबनीस सही करणार नाही.

तेव्हा आज मेलाटोनिनविषयी प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते: डोक्याला लावायच्या द्रावणाबद्दल आशा वाटावी असा थोडा पुरावा आहे, पक्का म्हणावा असा नाही. आणि हे प्रयोग लावायच्या द्रावणाचे आहेत, गिळायच्या गोळीचे नव्हेत, हे ध्यानात ठेवावे. गोळीने केस येतात असे या प्रयोगांवरून मुळीच सिद्ध होत नाही. उलट गोळीने गुंगी येते. कुंभार्ली घाटातून रात्री ट्रक नेणाऱ्याने किंवा मुंबईत यंत्रावर पाळी करणाऱ्या आपल्या मुलाने केसांसाठी ही गोळी घेतली, तर केस राहोत, जीवावरच बेतायचे.

ज्यांचा पुरावा अधिक भक्कम आहे अशी औषधेही आहेत. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून ते डोक्याला लावण्याचा विचार पुढे आला आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली. फिनॅस्टेराइड ही पुरुषांसाठीची गोळी १९९७ मध्ये मान्य झाली. पण यांनाही मर्यादा आहेत. वापर थांबविला की लाभ ओसरतो, दुष्परिणाम असतात, आणि गर्भवती स्त्रीने तर फिनॅस्टेराइडपासून दूरच राहावे लागते. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून यांनाही हात लावू नये.

इथवर औषधाविषयी बोललो. पण औषधाच्या आधी कारण का शोधावे, हे शिकविणारी एक घटना आपल्याच महाराष्ट्रात घडली. ती विस्ताराने सांगावीशी वाटते.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, काहींना डोकेदुखी, ताप, उलट्या. मग केसाला हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल! पुरुष, स्त्रिया, शाळकरी मुले, कोणी सुटले नाही. बाधितांचा आकडा अठरा गावांत २७९ पर्यंत गेला. प्रथम संशय आला शाम्पूवर, मग बुरशीवर, मग पाण्यावर. तो भाग खारपाणपट्ट्यातला आणि पाण्यात नायट्रेट व क्षार जास्त निघाले, त्यामुळे पाण्यावरचा संशय बळावला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे पथकही गावांत आले.

याच काळात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे शोध घेतला. हे नाव आपल्याला नवीन नाही. जालना जिल्ह्यातील देहेड गावी गरिबीत वाढलेला हा माणूस डॉक्टर झाला आणि १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात विंचूदंशाने माणसे पटापट मरत असत. त्यांनी रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने तो मृत्यू टळतो हे दाखवून दिले. जगाने त्याची दखल घेतली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बावस्करांनी शेगाव भागात जाऊन घरोघरचा गहू पाहिला. तो स्वस्त धान्य दुकानातून आलेला, पंजाबकडचा होता. प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा एका किलोत १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेले, तर जस्त कमी झालेले त्यांना आढळले. शासकीय तपासातही सेलेनियमचेच नाव पुढे आले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातून लोकांची नखे वाकडी होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या. केसांमागून नखे जाणे ही सेलेनियमच्या विषबाधेची जुनी ओळखीची खूण आहे.

सेलेनियम हा मातीत असणारा एक घटक. अगदी थोडा शरीराला हवाच असतो. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतात आणि ४०० च्या वर जाऊ नये, असे अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांनी ठरविले आहे. आता आपण त्रैराशिक मांडू. किलोत १४.५२ मिलिग्रॅम म्हणजे १४,५२० मायक्रोग्रॅम. चार-पाच पोळ्यांसह दिवसभरात एका माणसाच्या पोटात तीनशे ग्रॅम पीठ गेले असे धरा. उत्तर येते ४,३५६ मायक्रोग्रॅम. म्हणजे कमाल मर्यादेच्या जवळजवळ अकरा पट आणि गरजेच्या जवळजवळ ऐंशी पट! सातवीच्या मुलाला सुटणारे गणित आहे. पण ते मांडायचे तर आधी गव्हाकडे पाहावे लागते, आणि गव्हाकडे पाहण्याचे सुचायला विचारी डोके लागते.

असे पूर्वीही घडले आहे. चीनमधील हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस आणि नखे अशीच गळाली होती. तिथल्या मातीतून सेलेनियम पिकांत उतरले होते. आपल्या पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातील काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत, हे तेथील कृषिशास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदविले आहे. शिवालिकच्या डोंगरांतून पाण्याबरोबर ते मातीत आले असे मानतात.

आता विचार करा. शेगावच्या त्या तरुणाने ठेव मोडून केसांचे तेल आणले असते तर? मेलाटोनिनचे द्रावण लावले असते तर? वर तेल आणि खाली ताटात तीच पोळी! लाख रुपये ओतले तरी काय उपयोग? तिथे उपाय होता तो ताटातले धान्य बदलण्याचा. नंतर अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवू लागले, ही समाधानाची गोष्ट.

परंतु या घटनेतली आणखी एक बाजू आमच्या मनाला अधिक लागली. त्या गावांतील लोकांची कटिंग करायला न्हावी तयार होईनात, पोरापोरींच्या सोयरिकी अडल्या, मुले शाळेत जायला लाजू लागली, असे वर्तमानपत्रांत आले. ज्यांनी काही गुन्हा केला नव्हता, रेशनवर मिळाले ते खाल्ले, त्यांनाच लोक टाळू लागले. हा रोग संसर्गाचा आहे की नाही हे कोणी विचारले नाही, आधी माणूस दूर लोटला. स्पर्शाची भीती म्हणजे काय, हे इथे बसलेल्या कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आपल्या वस्तीत कोणाचे केस गेले, मग ते चाईने असो, तापाने असो वा कर्करोगाच्या औषधाने, त्याला चिडवू नये आणि पंगतीतून उठवू नये. मुलगी पाहायला गेल्यावर वेणीची जाडी मोजू नये. ही लाजच बाटली विकणाऱ्यांचे भांडवल आहे. लाज कमी झाली की त्यांचा धंदाही कमी होईल.

त्या धंद्याबद्दल दोन शब्द. 'शक्तिवर्धक आहे, नुकसान तर होणार नाही' या भ्रमात कोणी राहू नये. २००८ साली अमेरिकेत एका पातळ टॉनिकमध्ये लेबलवर लिहिल्याच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले आणि दोनशे एक जण आजारी झाले. त्यांत अनेकांचे केस गळाले. प्रकृती सुधारायला घेतलेल्या बाटलीनेच डोके भुंडे केले! आपल्याकडे कायदाही आहे. औषधे नियम, १९४५ यांना जोडलेल्या 'जे' अनुसूचीत ज्या विकारांवर औषधाने बरे करण्याचा दावा करू नये अशांची यादी आहे. तिच्यात टक्कल आणि नवे केस उगविणे यांचाही समावेश आहे. म्हणजे 'शंभर टक्के हमी' असे कोणी छापले, की त्या शब्दानेच त्याला ओळखावे.

मग करावे काय? केस गळू लागले तर प्रथम मागच्या तीन-चार महिन्यांत काय घडले ते आठवावे: ताप, बाळंतपण, उपासमार, नवे औषध, नवे धान्य. ग्रामीण रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास थायरॉइडही. घरात किंवा गल्लीत एकाच वेळी अनेकांचे केस गळू लागले, तर ते प्रत्येकाचे खासगी दुखणे समजू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे आणि घरातले धान्य व पाणी यांचा नमुना जपून ठेवावा. रेशनचे धान्य घेणाऱ्याला निवड नसते, पण तक्रार करण्याचा हक्क असतो. आणि नवे औषध कोणी पुढे केले, तर तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या कारणाच्या गळतीवर? किती माणसांवर, किती दिवस तपासले? आणि ज्यांना ते दिले नाही, त्यांचे काय झाले?

विद्यार्थी मित्रांनो, हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. मेलाटोनिनच्या आकड्यांसमोर तो टिकतो, तसा तो कोणत्याही बुवाच्या अंगाऱ्यासमोर आणि कोणत्याही पुढाऱ्याच्या आश्वासनासमोरही टिकतो. तुमच्यातील कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी प्रयोगशाळेत काम करील. कदाचित मेलाटोनिनचा पक्का निकाल तुमच्यापैकीच कोणी लावील. तोवर ठेव मुदतीपर्यंत राहू द्या. डोक्यावर केस असोत वा नसोत, डोक्याच्या आतले जे आहे ते कामाला लावले पाहिजे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.